सगळे ओरखडे डाव्या बाजूला

प्रिय बारक्या,

छप्पन्न वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणू नये, हे तुझ्या बायकोने मला दहादा बजावलंय. पाकिटावर तुझं पूर्ण नाव व्यवस्थित घातलंय, तेव्हा आतलं आत चालू दे. पत्र बघून तू चक्रावला असशील. मी शेवटचं पत्र कुणाला लिहिलं ते मलाच आठवत नाही. पण फोनवर तू विचारतोस, कसं चाललंय दादा, आणि मी म्हणतो, एकदम झकास. मग तू म्हणतोस बरं. मग दोघंही फोन कानाला लावून गप्प, आणि शेवटी एक जण म्हणतो, रेंज गेली वाटतं. रेंज कुठेही जात नव्हती. मी फोनवर धडधडीत थापा मारतो, आणि समोर कोरा कागद असला की मला तेवढं धाडस होत नाही, म्हणून हा खटाटोप.

एका गॅरेजच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय. खोलीत एक लोखंडी खाट आहे, एक टेबल आहे, भिंतीला जुने टायर रचून ठेवलेत आणि खिडकीतून आपली घरगाडी दिसते. जॅकवर उचललेली, पुढचं डावं चाक काढलेलं. आज अकरावा दिवस. तुला फोनवर सांगितलं होतं की किरकोळ काम आहे, दोन दिवसांत निघतोय, ते याच खोलीतून सांगितलं होतं.

पहिल्यापासून सांगतो. चौथ्या दिवशी एका चढावर पंख्याचा पट्टा तुटला. इंजिन असं तापलं की वाफेने समोरची काच पांढरी झाली. जादा पट्टा तू ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला होतास, त्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘आधी इंजिन गार होऊ दे’. मी इंजिन गार होऊ दिलं नाही आणि मनगट भाजून घेतलं. तुझ्या वायरिंगला मात्र मानलं. तीन आठवडे झाले, खड्ड्यांतून, पावसातून, एकदा तर वाहत्या ओढ्यातून गेलो, एक फ्यूज उडाला नाही की एक दिवा मिचकावला नाही. माझी कपाटं मात्र पहिल्याच दिवशी प्रत्येक वळणावर आ वासायला लागली. चाळीस वर्षं लोकांच्या घरांना दारं बसवली आणि स्वतःच्या कपाटांना सुतळी बांधून हिंडतोय. दहाव्या दिवशी मोरीखाली पाणी गळायला लागलं. तो जोड तू केला होतास, म्हणून मी तुझ्या नावाने मोठमोठ्याने शंख केला. गाडीत ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. मग वाकून बघितलं, तर माझ्याच कपाटाचा स्क्रू तुझ्या पाइपात घुसला होता. हे ऐकून तू कसा हसला असतास, ओठ न उघडता, नुसते खांदे हलवून, ते मला तिथे ओल्या फरशीवर बसल्या बसल्या दिसलं. उठून पाइप बदलायला मग अर्धा तास लागला.

तीन वर्षं आपण दोघं रविवारी त्या भंगारातल्या शाळेच्या बसची घरगाडी करण्यात राबलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती गाडी दोन माणसांच्या मापाची आहे. मी टेबल उघडलं की समोरचा बाक आपोआप खाली येतो, तशीच मी त्याची बिजागरी केलीय. रोज सकाळी मी चहा घेऊन बसतो आणि समोर तो बाक. टेबल अर्धं उघडता येत नाही. शेवटी मी ओट्यापाशी उभ्यानेच खायला लागलो. अशा गाड्या जिथे मुक्कामाला लागतात, तिथे शेजारची माणसं चांगली असतात, खुर्ची आणून देतात, कुठून आलात विचारतात. दुसरा प्रश्न ठरलेला, एकटेच? पहिल्या वेळी मी म्हणालो, भाऊ मागून येतोय. दुसऱ्या वेळी म्हणालो, भाऊ आत झोपलाय. एका म्हातारीने तर भावासाठी म्हणून वाटीभर सूप दिलं. ते मी आत जाऊन प्यालो आणि दहा मिनिटांनी वाटी विसळून परत दिली, भावाने आभार मानलेत म्हणून सांगितलं. हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण लिहायचं ठरवलंय.

गाडी मोडली ती अशाच एका तळाच्या फाटकात. फोनवर मी तुला म्हणालो की फाटक अरुंद होतं. फाटक अरुंद नव्हतं, बारक्या. माझ्या आधी एक ट्रक त्यातून आरामात आत गेला होता. डाव्या बाजूला सिमेंटचा खांब होता, पांढरा रंगवलेला, माझ्या छातीइतका उंच. मला तो दिसलाच नाही. मोठा आवाज झाला, गाडी अडली, आणि मी उतरून बघतो तर दाराची पायरी मुळापासून उपटलेली, खालचा पत्रा फाटलेला, चाक आत वळलेलं. तळाचा रखवालदार धावत आला आणि मला म्हणाला, काका, मी केव्हापासून हात करतोय. मी त्याच्यावरच खेकसलो की खांब असा मध्ये कुणी उभा करतं का.

क्रेनने ओढून इथे आणलं. या गॅरेजची मालकीण पन्नाशीची बाई आहे. सगळे तिला मेस्त्रीणबाई म्हणतात, आणि ती कुणालाच काही म्हणत नाही, पान्याने खुणा करते. तिने आधी गाडीखाली जाऊन पाहिलं, बाहेर येऊन सांगितलं की स्टिअरिंगचा दांडा वाकलाय, इतक्या जुन्या गाडीचा दांडा मागवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा. मग हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारली. उजव्या बाजूने भराभर गेली. डाव्या बाजूला आल्यावर थांबत थांबत, बोट लावत चालली. आरसा गेलाय, तो कधी? मी म्हणालो, आठवडा झाला, फांदी लागली. हा ओरखडा? भिंत होती. हा? माहीत नाही. हा? सात निघाले. ती म्हणाली, “काका, तुमच्या गाडीला उजवी बाजू कोरी करकरीत आणि डावी बाजू भांडून आल्यासारखी. असं का हो?” मी म्हणालो, रस्ते वाईट आहेत. ती म्हणाली, रस्ते दोन्ही बाजूंना सारखेच वाईट असतात.

मग तिने मला तिथेच अंगणात उभं केलं, समोरच्या पाटीकडे बघायला सांगितलं आणि उजवा डोळा हाताने झाकायला लावला. “माझ्या हातात किती पाने आहेत?” मी विचारलं, तुम्ही आहात कुठे? ती अगदी हाताच्या अंतरावर, माझ्या डाव्या खांद्यापाशी उभी होती. मला तिचा आवाज येत होता, ग्रीसचा वास येत होता, आणि बाई नव्हती. डोळ्यासमोर अंधार असता तर कळलं असतं रे. अंधार नव्हताच. तिथे काही आहे असंच वाटत नव्हतं. ती हसली नाही. पाने खाली ठेवून म्हणाली, माझ्या सासऱ्यांचं असंच होतं, आणि चहा टाकायला आत गेली.

त्याच दिवशी दुपारी तिने उपटलेली पायरी खोलली आणि मला हाक मारली. पायरीच्या बिजागरीत एक निळी रबरी मूठ अडकली होती. सायकलच्या हँडलची. मी ती हातात घेतली. आतून अजून नवी होती. आणि मला एकदम तो आवाज आठवला. फाटकाच्या तीन दिवस आधी, एका जुन्या गिरणीच्या धुराड्यापुढे गेल्यावर, मागे खट्ट झालं होतं. मला वाटलं, कपाट उघडून पातेलं पडलं. पुढे पुलाशी गाडी बाजूला घेतली, कपाटांच्या सुतळ्या आवळल्या आणि थर्मासमधला गरम चहा प्यालो. निवांत, पाण्याकडे बघत. माझ्या मागे त्या रस्त्यावर कुणीतरी पडलं होतं, आणि मी चहा पीत होतो.

आता निघायच्या त्या सकाळचं सांगायला हवं, आपण दोघंही जिच्याबद्दल बोलत नाही तिचं. तू डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन चिठ्ठी माझ्या हातात दिली होतीस. सहा महिने बघत होतास तू. डावीकडे ठेवलेला कप मी पाडायचो. कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटायचो. तू मला हळूच म्हणालास की दादा, तपासून घे, नाहीतर गाडी मी चालवतो, दोन्हीपैकी काहीच नसेल तर मी येणार नाही. बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास आणि मी एकोणीस. तेव्हापासून तू मला एकदाही नाही म्हणाला नव्हतास. कोणती शाळा, कोणतं काम, कुठल्या गल्लीत खोली, सगळं मी ठरवलं आणि तू मान हलवलीस. आणि पहिल्यांदा नाही म्हणालास ते माझ्या भल्यासाठी. मी ती चिठ्ठी फाडली. म्हणालो, तुला वाढवण्यात माझं लग्न राहून गेलं, आता तू मला चालायला शिकवतोस? तू नसलास तर माझं काही अडत नाही. तू तुझी पिशवी उचललीस आणि उतरलास. आरशात तुला बघावं म्हणून मी मान वळवली, तर डाव्या आरशात मला तू सापडलाच नाहीस. मला वाटलं, निघून गेला असशील. खरं सांग, तू तिथे उभा होतास का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती मूठ खिशात घातली आणि बस धरून मागे गेलो. दोन तासांचा रस्ता. गिरणीपाशी उतरलो आणि पुलाच्या दिशेने पायी निघालो. कुणाला काय विचारायचं? इथे कुणी मेलं का? पहिल्या दोन घरांपुढून नुसताच गेलो. तिसऱ्या घरी एक बाई कपडे वाळत घालत होती, तिला मूठ दाखवली. ती म्हणाली, पाववाल्याची दिसते, त्याला एका मोठ्या गाडीने उडवलं. मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, जिवंत आहे हो, बसा तुम्ही, पाणी आणते.

पाववाला माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. घराच्या मागे त्याची भट्टी आहे. सकाळी टोपल्या लावून सायकलवरून घरोघरी पाव टाकतो. उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं, सायकल भिंतीला टेकवलेली, तिचं एका बाजूचं हँडल उघडं. मी दारातच सांगून टाकलं, ती गाडी माझी होती. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाला, “मी ओरडत होतो. तुम्ही पुढे जाऊन पुलावर थांबलात, मला दिसत होतं. मी खड्ड्यातून हात करत होतो. तुम्ही चहा प्यालात.” मी म्हणालो, मला दिसलं नाही, मला त्या बाजूचं दिसतच नाही. त्याने मनगटाच्या प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं केलंत. हाताचं काही नाही, हात जुळेल. ते मात्र फार लागलं होतं.” त्याची बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, “दिसत नाही तर चालवता कशाला?” आणि उत्तराची वाट न बघता भट्टीकडे गेली. तिचं काय चुकलं? तू हेच, किती मऊ शब्दांत, मला सांगितलं होतंस.

मी तिथे चार दिवस राहिलो. तिला आवडलं नाही, पण पावाच्या टोपल्या उचलायला माणूस हवा होता. पहाट सरली की मी दोन्ही टोपल्या घ्यायचो आणि तो शेजारून चालायचा, माझ्या डाव्या बाजूने. त्याने न विचारताच ती बाजू धरली. डावीकडे गटार आहे. डावीकडे कुत्रं झोपलंय. दादा, जरा इकडे सरा. दादा म्हणायला लागला होता तो दुसऱ्या दिवसापासून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टोपल्या खाली ठेवून बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. दुपारी मी त्यांची पाव ठेवायची लाकडी मांडणी नीट केली, एका फळीला नवा आधार दिला. निघताना त्याच्या बायकोने एक पाव कागदात बांधून दिला. बोलली तरीही नाही. पण दिला.

परत आलो तर दांडा अजून आला नव्हता. मेस्त्रीणबाईने माझ्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मी फाडतो की काय, अशी बघत उभी राहिली. डॉक्टरीणबाई तरुण आहे, हळू बोलते. तिथे एक यंत्र असतं, त्यात तोंड घालून बसायचं. आत कुठे कुठे बारीक ठिपका लुकलुकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं झालं. डाव्याला सुरुवात झाली आणि मी वाट बघत बसलो. एकही ठिपका येईना. शेवटी मी म्हणालो, बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय. ती म्हणाली, नाही काका, यंत्र चालू आहे. एवढंच म्हणाली. मला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर बरीचशी गेलीय आणि गेलेली परत येत नाही. उजव्याला सुरुवात झालीय, पण रोज थेंब घातले तर ती धरून ठेवता येईल. चार वर्षं आधी आला असतात तर, असं ती म्हणायला लागली आणि थांबली. सहा महिन्यांचा उशीर मी तिला सांगितलाच नाही. तो तुझा आणि माझा आहे.

घरगाडीची किल्ली मी मेस्त्रीणबाईला देऊन टाकली. दांडा काल आला, परवा गाडी तयार होईल. सकाळ-संध्याकाळ मी थेंब घालून खाटेवर डोळे मिटून पडतो. पाच मिनिटं पडायचं असतं. बाहेर पत्र्यावर हातोडी चालू असते, आणि या पाच मिनिटांत जेवढं एकटं वाटतं, तेवढं अख्ख्या रस्त्यात वाटलं नव्हतं. रस्त्यात निदान राग सोबत होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तपासणी संपल्यावर डॉक्टरीणबाईने विचारलं, घरात अजून कुणाला होतं का? मला वाटलं नाही, आणि मग बाबा आठवले. शेवटची दोन वर्षं ते भिंतीला हात लावून चालायचे. आम्हाला वाटायचं, दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील. तू लहान होतास, तुला ते आठवणार नाही. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हा आजार घराण्यात उतरतो, दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. सख्खा भाऊ आहे का? त्याला आजच कळवा. बारक्या, माझे डोळे तू सहा महिने बघत होतास, तुझे कुणी बघितले नाहीत. पत्र हातात पडेल त्याच दिवशी जाऊन तपासून घे. मला कागद दाखवायला नको, मला नुसतं खरं सांग. ठीक निघाले तर ये आणि गाडी चालव, मी शेजारी बसेन आणि ब्रेक लाव, गिअर टाक असं काही म्हणणार नाही. ठीक नाही निघाले तरी ये. मग गाडी इथेच राहू दे, आपण बसने जाऊ. तू नसलास तर माझं अडतं. फार अडतं.

तुझाच,
दादा